आज जरा घसा बसलाय

खर्ज

गुरुपौर्णिमेला आमच्या क्लासचा कार्यक्रम झाला. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी गाणं शिकायला लागलो, त्याला आता चार वर्षं झाली. क्लासमध्ये आम्ही अकरा जण, त्यांत पन्नाशीपुढचे तिघे. यंदा मला बागेश्री दिला होता. आधी विलंबित एकताल, मग द्रुत, मिळून वीस मिनिटं. त्याआधी मी लोकांसमोर सात-आठ मिनिटांच्या वर कधी गायलेलो नव्हतो.

आदल्या रात्री जेवताना मी कैरीचं लोणचं घेतलं. मग फ्रीजमधलं ताक. मग परत थोडं ताक. बायको म्हणाली, "अहो, उद्या गायचंय ना?" म्हटलं, "एवढ्याने काय होतंय." आणि साडेबारापर्यंत टीव्हीवर एक जुनी मॅच बघत बसलो, जिचा निकाल मला तोंडपाठ आहे.

सकाळी घसा जड होता. थोडासाच. पण हॉलवर पोचल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलो, "आज जरा घसा बसलाय." तबलेवाल्याला सांगितलं, पेटीवाल्याला सांगितलं, चहा देणाऱ्या मुलालाही सांगितलं. ज्येष्ठमधाची काडी सगळ्यांना दिसेल अशी चघळत होतो. शेवटी बाईंकडे गेलो. त्या तानपुरा जुळवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बसलाय? मग आज गाऊ नका. पुढच्या महिन्यात बैठक आहे, तेव्हा गा." आणि जवारीचा दोरा सरकवायला लागल्या.

पहिल्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच राग आला, कारण इतका काही बसलेला नव्हता. "नाही, तसा गाईन मी," असं पुटपुटलो.

"गाणार असाल तर मग सांगताय कशाला?"

गायलो. कसं झालं ते मला सांगता येत नाही, आणि धागा काढायचं कारण तेच आहे. खाली उतरल्यावर सात-आठ जण भेटले. प्रत्येकाचं वाक्य एकच, "घसा बसलेला असूनही छान झालं हं." वीस मिनिटांत कुठे जमलं, कुठे फसलं, यावर चकार शब्द नाही. बोलणार तरी कसे? उत्तर मीच त्यांच्या हातात देऊन ठेवलं होतं. तार षड्ज लागला नाही तर घसा, तान अडखळली तर घसा. चार वर्षं शिकतोय आणि आपल्याला गाता येतं की नाही, हे मला अजून माहीत नाही.

नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात ते हेच ना? तुम्ही असलं काय करता? प्रामाणिकपणे लिहा, टोपणनावं आहेतच.

नीरजा

"मग परत थोडं ताक" वाचून फुटले.

आमच्याकडे पाहुण्यांच्या पानात पहिला पदार्थ पडायच्या आत सासूबाई म्हणणार, "आज अगदी घाईघाईत केलंय हं." पुरणाची डाळ आदल्या रात्री निवडून ठेवलेली असते! आता मीपण म्हणते. परवा म्हणायचं राहून गेलं, तर वाढताना हात थरथरत होता.

दगडू

आमच्या वर्गात एक होता. प्रत्येक पेपराला जाताना, "आपण काय वाचलेलं नाय बाबा, बघू." 92 टक्के. त्याचं ऐकून मीही खरंच वाचायचो नाही. 54 टक्के.

मला इतक्या वर्षांनी कळलं की तो नुसतं म्हणायचा, मी करायचो.

शंकेखोर

दगडूने दोन ओळींत मुद्दा सांगितला, मी जरा लांबवतो.

आधी एक दुरुस्ती. म्हण चुकली आहे. अंगण वाकडं असल्याची तक्रार नाच फसल्यावर होते, फार तर नाचायची वेळ आल्यावर. खर्जसाहेब, तुम्ही आदल्या रात्रीच कुदळ घेऊन अंगण खणून ठेवलंत.

मानसशास्त्रात या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. यश आलं की माझं कर्तृत्व, अपयश आलं की पेपर अवघड होता, ही झाली मागाहूनची सारवासारव. सगळेच करतात. तुमची गोष्ट आधीची आहे. तिला 1978 मध्ये एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्गलास या दोघांनी नाव दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःच्याच पायात खोडा घालणं. खोड्यासकट हरलो तर दोष खोड्याचा, आणि खोड्यासकट जिंकलो तर काय विचारता.

त्यांचा त्या वर्षीचा प्रयोग भन्नाट आहे. विद्यार्थ्यांना बुद्धीचे प्रश्न सोडवायला दिले. एका गटाचे प्रश्न सुटण्यासारखे होते, दुसऱ्या गटाच्या बहुतेक प्रश्नांना उत्तरच नव्हतं. नंतर दोन्ही गटांना सांगितलं की तुम्ही फार सुंदर सोडवलंत. दुसऱ्या गटाला अर्थातच कळेना की आपण नेमकं काय बरोबर केलं. मग सांगितलं, आता अशीच आणखी एक परीक्षा आहे, तिच्याआधी दोनपैकी एक औषध निवडा. एकाने डोकं तरतरीत होतं, दुसऱ्याने मंदावतं. (ॲक्टाव्हिल आणि पँडोक्रिन. दोन्ही नावं बनावट, औषधंही बनावट.) ज्यांनी प्रश्न खरोखर सोडवले होते त्यांनी बहुतेक करून तरतरीतवालं निवडलं. ज्यांना फुकटची शाबासकी मिळाली होती त्यांच्यातल्या बहुसंख्य मुलांनी डोकं मंदावणारं मागितलं. मुलींमध्ये हा फरक तसा दिसला नाही.

म्हणजे हे ढ माणसाचं लक्षण नव्हे. ज्याचं एकदा कौतुक झालंय, पण ते का झालं याचा ज्याला पत्ता नाही, त्याला हा रोग होतो. खर्जसाहेब, मागच्या वर्षी तुमचं गाणं गाजलं होतं का हो?

खर्ज

मुद्दा मान्य. म्हण मलाही लिहिताना खटकली होती, पण मोबाईलवरून टंकत होतो, त्यात आमच्याकडे लाइट गेलेली.

दगडू

घसा, काका, घसा!

खर्ज

सापडलो. हात जोडले.

आणि शंकेखोर, हो. मागच्या वर्षी सात मिनिटांचा भूप गायलो होतो. एक जाणकार गृहस्थ येऊन म्हणाले होते, "तुमच्या आवाजात काहीतरी आहे." तेव्हापासून ते 'काहीतरी' शोधतोय. ते काय होतं हे कळलं असतं तर यंदा बहुतेक ताक प्यायलो नसतो.

प्यादं

जोन्स-बर्गलास यांच्याच लेखात बुद्धिबळातलं एक उदाहरण आहे. देशापेल नावाचा फ्रेंच खेळाडू, 1780 ते 1847, त्याच्या काळातला अव्वल. समोरच्याला आधी एक प्यादं सोडल्याशिवाय खेळायलाच बसायचा नाही. हरला तर प्यादं दिलं होतं म्हणून, जिंकला तर प्यादं देऊनही! आमच्या सोसायटीत कॅरमला एक काका आहेत, ते डाव्या हाताने खेळतात. उजव्या हाताने खेळताना त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही.

स्पष्टवक्ता

बायकांचा स्वयंपाक, म्हाताऱ्यांचं गाणं. काय तो धागा. मी असलं काही करत नाही. जे आहे ते तोंडावर.

शंकेखोर

1981 साली ओला स्वेन्सन यांनी अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या काही वाहनचालकांना विचारलं होतं की इथे बसलेल्या सगळ्यांत तुमचं चालवण्याचं कौशल्य कितपत. अमेरिकेतल्या 93 टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. स्वीडनमधल्या 69 टक्के लोकांनी. बाकी तुमचं चालू द्या.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या इकडे शंकरपटाचं असंच राहते राजेहो. जोडी हारली का बैल बिमार होता, जितली का मालकाची मेहनत. बैल बिचारा दोन्ही बखत खाली मान घालून कडबा खाते.

मिशिगनचा मुक्काम

बैलाचा प्रतिसाद फ्रेम करून लावण्यासारखा.

इथे विद्यापीठाच्या गावात राहून एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे. शनिवारी फुटबॉलची मॅच जिंकली की सोमवारी अख्खं गाव विद्यापीठाच्या रंगाच्या टीशर्टात. हरली की तोच टीशर्ट धुवायला. रॉबर्ट चाल्डिनी आणि मंडळींनी 1976 मध्ये हेच मोजून छापलं होतं. सात विद्यापीठांत दर सोमवारी वर्गात किती जणांच्या अंगावर विद्यापीठाचं नाव आहे ते मोजलं, आणि जिंकल्यानंतरच्या सोमवारी ते जास्त भरलं. पुढची गंमत फोनवरची. विद्यार्थ्यांना मॅचबद्दल विचारलं की जिंकलेल्या मॅचला 'आपण जिंकलो' आणि हरलेल्या मॅचला 'ते हरले'. आणि ज्यांना फोनवर आधी छोटी परीक्षा घेऊन 'तुम्हाला फारसं जमलं नाही' असं सांगितलं होतं, त्यांच्या बोलण्यात हा फरक जास्त.

हे अमेरिकनांचं खूळ समजत होतो. मग 2023 चा वर्ल्डकप आला. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 15 नोव्हेंबरला, वानखेडेवर न्यूझीलंडला हरवलं त्या रात्री, "आपण फायनलला!", "आपल्याला कोण अडवणार!" 19 तारखेला अहमदाबादला ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून हरवलं. मी ग्रुप वर सरकवत सरकवत वाचला. पंचविसाव्या षटकाच्या आसपास 'आपण' गायब झालं आहे. त्यानंतर सगळीकडे 'यांनी' आणि 'ह्यांना'. "यांना पिच कळलंच नाही." पिच आपलं, स्टेडियम आपलं, टीम त्यांची.

दगडू

मी तर त्या दिवशी मॅच सुरू व्हायच्या आधीच म्हणून ठेवलं होतं, "टॉसवर आहे सगळं."

धिरधिर

मी तबला वाजवतो. गेली बावीस वर्षं हौशी मंडळींच्या साथीला बसतोय, त्यामुळे या विषयात मला डॉक्टरेट द्यायला हरकत नाही.

घसा ही सर्वांत जुनी सबब. हल्ली मॉनिटर आलाय. "मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये" हे पहिल्या आवर्तनातच हातवारे करून साउंडवाल्याला सांगायचं. लोकांनी ते पाहिलं पाहिजे, हे महत्त्वाचं. त्यानंतर "तबला जरा चढलाय का?" आम्ही हातोडी घेऊन दोन ठोके मारल्यासारखं करतो. सुरात असलेला तबला उतरवायचा कुठे? मारल्यासारखं करतो, गायक मान डोलावतो, "हां, आता." या 'हां, आता'चे मला पैसे मिळतात असं मी घरी सांगतो.

एक नक्की सांगतो, टिंगल करत नाहीये. जी माणसं खरंच घसा बसलेला असताना गातात, ती कुणाला सांगत नाहीत. साथीला बसलेल्याच्या कानात सांगतात, "आज पट्टी अर्धा सूर खाली घेऊ या." बस. त्या सांगण्याने काहीतरी होतं, पट्टी बदलते. खर्जकाकांच्या सांगण्याने काय बदलणार होतं?

सुलभा

मला हा सगळा सूर पटत नाही. क्षमस्व, पण लिहिते.

आपल्याकडे स्वतःला कमी लेखून बोलायची रीत आहे. जेवायला बोलावताना "गरिबाच्या घरी मीठभाकर खायला या" म्हणणारी माझी आजी पाच भाज्या करायची. ती काय स्वतःची प्रतिमा सांभाळत होती? गुरूचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतात, ती सबब का? अमेरिकेतल्या पोरांवर केलेले प्रयोग आणायचे आणि आपल्या विनयाला आजार ठरवायचं. नीरजा, तुझ्या सासूबाई 'घाईत केलंय' म्हणतात तेव्हा पाहुण्याला मोकळं करतात. आवडलं नाही तर त्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून.

शंकेखोर

सुलभाताई, अर्धं मान्य.

विनयाबद्दल तुमच्या बाजूने एक अभ्यास देतो. 2001 मध्ये स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आणि जपानमधल्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं, आणि काहींना सांगितलं की तुमचं चुकलं, काहींना सांगितलं की छान केलंत. नंतर तसलंच काम समोर ठेवून एकटं सोडलं. कॅनडावाले यश मिळालेल्या कामाला जास्त वेळ चिकटून राहिले. जपानी विद्यार्थी अपयश आलेल्या कामाला. तेव्हा 'माणूस म्हटला की अपयशापासून तोंड लपवणारच' हे सगळीकडे सारखं नाही.

पण आजीच्या पाच भाज्या झाल्या होत्या. काकांनी ताक प्यायलं होतं. आजीच्या बोलण्याने स्वयंपाक बिघडत नव्हता.

सुलभा

हे मान्य. ताकाचं समर्थन मी करत नाहीये.

नीरजा

सुलभाताई, पाहुण्याला मोकळं करण्याचा मुद्दा आवडला. पण खरं सांगू? मी म्हणते तेव्हा पाहुण्याचा विचार अजिबात नसतो.

पेठेतली खोली

वाचनमात्र असतो, आज लिहितोय. स्पर्धा परीक्षा, पुणे, सहावं वर्ष.

इथे प्रत्येकाकडे घसा आहे. अभ्यासिकेत जागा चांगली नाही, मेसचं बाधलं, रूममेट रात्री फोनवर बोलतो. यातलं खोटं काहीच नाही हो, हाच घोळ आहे. 2023 ला वर्णनात्मक पॅटर्नवरून पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, मीही बसलो होतो, आणि लोकसेवा आयोगाने तो 2025 पर्यंत पुढे ढकलला. आमची मागणी बरोबर होती असं मला आजही वाटतं. पण निर्णय आला त्या रात्री मला आनंदाबरोबर थोडं रिकामंही वाटलं. हातातलं कारण गेलं होतं.

माझी पद्धत सांगतो. पूर्वपरीक्षेच्या बरोब्बर दोन महिने आधी मला गावाकडचं काहीतरी काम निघतं. बहिणीचं स्थळ, विहिरीचं, सातबाऱ्यावरची नोंद. वडील कधीच बोलावत नाहीत, मीच विचारतो, "येऊ का?" पहिल्या वर्षी मी जीव तोडून अभ्यास केला होता आणि सात मार्कांनी राहिलो. त्यानंतर पूर्ण जोर लावून परत परीक्षा दिलेलीच नाही. पूर्ण जोर लावून राहिलो तर मग काय उरतं?

गावात विचारलं की वडील सांगतात, "हुशार आहे, पण घरच्या कामात अडकतो." त्यांना वाटतं ते मला सांभाळतायत.

खर्ज

पेठेतली खोली, तुमचं वाचून माझ्या ताकाची लाज वाटली. माझं काय जाणार होतं, वीस मिनिटं.

मनकवडी

समुपदेशनाचं काम करते, म्हणून दोन गोष्टी. 'खोली'साठी आहेत, पण बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

एक, हे ढोंग नाही. आत्मसन्मानाला धक्का बसतो तेव्हा माणूस हाताला लागेल ते पुढे करतो, आणि ते ठरवून करत नाही. खर्ज यांनी ताकाचा पेला उचलताना मनात हिशेब केला नव्हता. हिशेब मागाहून लागतो. त्यामुळे 'तू मुद्दाम करतोस' असं कुणाला म्हणू नका. तो प्रामाणिकपणे नाकारेल आणि आणखी एक कारण शोधेल.

दोन, 1988 मध्ये क्लॉड स्टील यांनी एक वेगळी बाजू मांडली. माणसाला सांभाळायची असते ती एकूण प्रतिमा, 'मी बरा माणूस आहे' एवढी. त्यामुळे एका ठिकाणी मार बसत असेल तर दुसऱ्या, जिवाभावाच्या ठिकाणी पाय रोवून उभं राहिलं की पहिल्या ठिकाणची ढाल खाली ठेवणं थोडं सोपं जातं. या कल्पनेवर शाळांमध्ये पुष्कळ प्रयोग झाले, कुठे चांगला फरक पडला, कुठे काहीच नाही. म्हणून जादू समजू नका. पण मी लोकांना विचारते, परीक्षा सोडून तुमच्याकडे काय आहे? सहा वर्षांत या प्रश्नाचं उत्तरच संपलेलं असतं. विहिरीचं काम तुम्ही स्वतः केलंत का?

पेठेतली खोली

विहिरीचं मीच केलं. परवानगीपासून कठड्यापर्यंत. पाणी पण लागलं.

हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सबब म्हणून वापरत होतो.

निळी शाई

उशिरा आले. चर्चा चांगली चालली आहे, त्यात मिठाचा खडा टाकते.

तुमच्या सगळ्यांच्या सबबी तुम्ही निवडलेल्या आहेत. आमच्यासारख्यांना काही कारणं जन्मतःच चिकटलेली मिळतात. मी वस्तीतून शिकून प्राध्यापक झाले. पहिला शोधनिबंध परत आला तेव्हा दोन शक्यता होत्या. निबंध वाईट आहे, किंवा आडनाव बघून परत केला. दुसरी शक्यता खरी असू शकते, हे मी अनुभवाने सांगते. आणि दुसरी शक्यता मनाला कमी दुखते, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. 'जात काढून स्वतःचं अपयश झाकतात' म्हणणाऱ्यांना यातलं अर्धंच ऐकू येतं.

जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांचा 1991 चा एक प्रयोग मी वर्गात दर वर्षी सांगते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शेजारच्या खोलीतला एक गोरा विद्यार्थी अभिप्राय देतो. मध्ये काच, काचेला पडदा. कधी पडदा उघडा, म्हणजे अभिप्राय देणाऱ्याला आपण कोण ते दिसतंय. कधी बंद. अभिप्राय वाईट असेल आणि पडदा उघडा असेल तर विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान फारसा घसरला नाही. त्याला काय, मी दिसले म्हणून बोलला असेल. पडदा बंद असताना तोच अभिप्राय लागला.

इथपर्यंत सांगितलं की वर्गात माना डोलतात. पुढचं ऐकून डोलायच्या थांबतात. पडदा उघडा असताना मिळालेलं कौतुकही पोचलं नाही. उलट त्याने आत्मसन्मान खाली गेला. कारण तेच, मी दिसले म्हणून बोलला असेल.

मला विभागात पहिल्या आठवड्यात एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या होत्या, "तुझं मराठी किती शुद्ध आहे गं." चेहरा प्रेमळ होता, मनातही प्रेमच असेल. त्या दिवशी घरी येऊन मी माझंच व्याख्यान मनात तीनदा म्हणून पाहिलं. त्या कौतुकाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

खर्ज, तुम्हाला "घसा बसलेला असूनही छान" हे वाक्य बोचलं ना? त्यातला 'असूनही' तुम्ही स्वतः विकत आणलात. आम्हाला तो फुकट मिळतो.

धिरधिर

यावर काही लिहिण्यासारखं नाही. वाचलं.

सुलभा

मीही "किती शुद्ध बोलतेस" असं म्हटलेलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. आपण काय म्हणत होतो हे आज कळलं. 'माझा हेतू तसा नव्हता' असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं.

स्पष्टवक्ता

धागा भरकटला. गाण्यावरून जातीवर कसा आला?

दगडू

टॉसवर होतं सगळं.

मिशिगनचा मुक्काम

निळी शाई, एक विचारू का? तुमच्या वर्गातल्या मुलांच्या पेपरांवर तुम्ही अभिप्राय कसा देता? इथे हल्ली सगळ्यांना "ग्रेट जॉब" म्हणायची पद्धत आहे. माझ्या मुलीला आठवड्यातून चारदा मिळतो. ती हल्ली विचारते, "कशाबद्दल?"

निळी शाई

मुलीला माझा सलाम सांगा.

मी फक्त जागा दाखवते. "तिसऱ्या परिच्छेदात दावा केलास, आधार दिला नाहीस." "हे उदाहरण नेमकं बसलं." विशेषणं टाळते. 'हुशार' हा शब्द तर मी पेपरावर लिहीतच नाही. त्याने मुलं पुढच्या वेळी घाबरतात, वर शंकेखोरांनी लिहिलेल्या औषधासारखं. जागा दाखवली की भांडायला येतात. आली की बरं वाटतं. भांडणारं मूल अजून त्या कामात असतं.

पेठेतली खोली

फॉर्म भरला आहे. गावी कळवलंय की पूर्वपरीक्षेपर्यंत येणार नाही. वडील म्हणाले, "बोलावलं कोणी होतं?"

खर्ज

धागा वर काढतोय.

काल बैठक झाली. तोच बागेश्री. आदल्या दिवशी रात्री नऊला झोपलो, ताक बंद. हॉलवर तोंड उघडलं नाही. धिरधिर, खरं सांगतो, जीभ शिवशिवत होती. तबलेवाल्याने स्वतःहून विचारलं, "काय, आज घसा?" म्हटलं, "ठीक आहे." हे दोन शब्द बोलताना पोटात गोळा आला, म्हणजे आता परतीची वाट नाही.

आलाप बरा झाला असावा. तिसऱ्या आवर्तनात मी सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकलो. थोडीथोडकी नाही, मुखडा घेऊन झोकात समेवर आलो आणि खाली तबल्यावर सातव्या मात्रेचा 'कत्' वाजत होता. पुढच्या रांगेतल्या एकाने चष्मा काढून पुसला. सगळ्यांना कळलं.

खाली उतरल्यावर 'छान झालं' म्हणायला दोनच जण आले. बाई आल्या नाहीत. आज क्लासला गेल्यावर म्हणाल्या, "गंधार चांगला लागला तुमचा, दोन्ही वेळा. तो तसाच ठेवा. मात्रा मात्र बोटांवर मोजताय, मला दिसतं. मोजू नका, ठेका ऐका." चार वर्षांत बाई माझ्या गंधाराबद्दल पहिल्यांदा बोलल्या. किंवा आधी बोलल्या असतील आणि मी त्यांना घशाचं सांगत असेन.

धिरधिर

'कत्'वर उतरलात म्हणजे तुम्ही पहिल्या तिरकिटाला दुसरा समजलात. एकतालात तिरकिट दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर 'तू ना' आणि मग 'कत्'. दुसऱ्यानंतर 'धी ना' आणि मग सम. विलंबितात दोघांत अंतर इतकं असतं की गाणारा आलापात गुंगला की फसतो. चांगले चांगले फसतात, पण ते सोडा.

तिरकिट ऐकू आला की लगेच धावू नका. पुढचा बोल ऐका. 'तू' असेल तर निवांत राहा, अजून अर्धं आवर्तन बाकी आहे. 'धी' असेल तर निघा. घरी आठ दिवस गाऊ नका, नुसता ठेका लावून 'तू' की 'धी' एवढंच ओळखा.

खर्ज

तू की धी. लिहून घेतलं. लावतो आत्ताच.